‘ऑन द रिसीव्हिंग एंड’: बोलणी खाल्ली हे इंग्रजीत सांगायचं कसं

मराठीत हे काम एकदम सोपं आहे, सगळं ‘खायचं’. मार खाल्ला, शिव्या खाल्ल्या, बोलणी खाल्ली, विषय संपला. इंग्रजीत सांगायची वेळ आली की गाडी अडते. नोकरीच्या सुरुवातीला मी एका मेलमध्ये ‘आय ॲम गेटिंग सो मच स्कोल्डिंग फ्रॉम द क्लायंट’ असं ठोकून दिलं होतं, म्हणजे कळलं सगळ्यांना, पण वाचताना असं वाटत होतं की बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलंय. सीनियरने मला काही न बोलता रिप्लायमध्ये तेच फिरवून लिहिलं, ‘वी हॅव बीन ऑन द रिसीव्हिंग एंड ऑफ सम व्हेरी अँग्री ईमेल्स’. रडगाणं गायब, मुद्दा जिथल्या तिथे.

कल्पना साधी आहे. एका टोकाला फेकणारा, दुसऱ्या टोकाला ते ज्याच्या अंगावर येतं तो, आणि आपण त्या दुसऱ्या टोकाला. पेपरात ‘टीकेचा धनी झाला’, ‘लोकांच्या रोषाचं धनी व्हावं लागलं’ असं वाचतो ना आपण, तोच हा धनी. गंमत म्हणजे धनी काय नि रिसीव्ह काय, शब्द दोन्हीकडे चांगलेच, पदरात पडतं ते भलतंच.

वाक्य बांधायचं असं: आधी ‘बी’चं रूप म्हणजे ॲम, वॉज, हॅव बीन जे काळाला बसेल ते, मग ‘ऑन द रिसीव्हिंग एंड’, मग ‘ऑफ’, आणि मग जे अंगावर आलं ते. ‘शी वॉज ऑन द रिसीव्हिंग एंड ऑफ अ लॉट ऑफ हॉस्टिलिटी’. ‘बी’च्या जागी ‘फाउंड हरसेल्फ’ टाकलं की ध्यानीमनी नसताना अंगावर आलं असा अर्थ येतो, तो मला जास्त आवडतो. त्यातला ‘द’ गाळू नका, आपला हमखास गळतो. ‘ऑन’ऐवजी ‘ॲट’ पण लोक म्हणतात, पण रूढ ‘ऑन’च आहे, तोच धरा.

आता खरी चूक होते ती ‘ऑफ’नंतर. तिथे माणूस येत नाही, माणसाने फेकलेली गोष्ट येते. ‘आय वॉज ऑन द रिसीव्हिंग एंड ऑफ माय बॉस’ असं लिहिलंत तर वाचणारा थांबेल, बॉसला कुणी उचलून फेकलं की काय म्हणून! ‘ऑफ माय बॉसेस टेंपर’ म्हणा, टोमणा, तक्रार, ठोसा, मेल, टिंगल काहीही चालेल. माणूस आणायचाच असेल तर शेवटी ‘फ्रॉम’ लावून आणा, ‘ऑफ अ लॉट ऑफ अब्यूस फ्रॉम कस्टमर्स’. इथे अजून एक, हा अब्यूस नाम असताना शेवटी ‘स’ ऐकू येतो, क्रियापद असताना ‘झ’. आणि शिव्या अनेक असल्या तरी ‘अब्यूसेस’ करायचं नाही, या अर्थाने तो एकवचनीच राहतो, कितीही खाल्ल्या तरी.

मग जवळचे बाकीचे प्रयोग कधी वापरायचे? ‘बेअर द ब्रंट ऑफ’ म्हणजे फटका बऱ्याच जणांना बसला पण सगळ्यात जास्त तुम्हाला, एकटेच असाल तर तो नको. ‘कम अंडर फायर’ हे चारचौघांत झालेल्या टीकेला, मंत्री, कॅप्टन, कंपनी वगैरे, घरी आई ओरडली त्याला नाही. ‘टेक फ्लॅक’ जरा बोलीतला आहे, फ्लॅक हा मूळ जर्मन शब्दाचा शॉर्टफॉर्म, विमानं पाडायच्या तोफेचा, त्यामुळे चहूबाजूंनी फुटणारी टीका डोळ्यासमोर आणा म्हणजे बसेल डोक्यात.

‘बी सब्जेक्टेड टू’ मात्र वेगळा ठेवा. तो गंभीर आहे, लेखी तक्रारीतला. कुणी खरंच छळत असेल आणि एचआरला लिहायचं असेल तर रिसीव्हिंग एंड वापरू नका असं माझं स्पष्ट मत आहे, कारण त्यात थोडं हसण्यावारी नेल्याचा सूर येतो आणि करणारा सहज वाक्याबाहेर राहतो. तिथे ‘आय वॉज सब्जेक्टेड टू रिपीटेड इन्सल्ट्स बाय’ आणि पुढे सरळ नाव, तारीख. बोलताना जोर ‘जेक्ट’वर, शाळेतल्या सब्जेक्टसारखा ‘सब’वर नाही.

‘ऑफ’शिवायही चालतं बरं का. सतत दुसऱ्यांची खेचणाऱ्या मित्राची एक दिवस सगळ्यांनी मिळून खेचली आणि तो फुगून बसला, तर ‘नाउ यू नो व्हॉट इट्स लाइक टू बी ऑन द रिसीव्हिंग एंड’, एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. आणि कौतुकासाठीही कधीकधी वापरतात, ‘ऑन द रिसीव्हिंग एंड ऑफ सो मच काइंडनेस’, चुकीचं नाही ते, फक्त ऐकणारा ‘ऑफ’पर्यंत काहीतरी वाईटच येणार म्हणून तयारीत बसलेला असतो.