मुले पळवणाऱ्या टोळीबद्दल मेसेज आला, तर काय करावे

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने मारून टाकले. त्या दिवसांत देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक कराचीचा होता. दुचाकीवरचे दोघे गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. मूळ फिल्म जनजागृतीची. शेवटी ते मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. कोणीतरी नेमका तो शेवट कापला. अफवेतले चित्र पुष्कळदा खरेच असते, खोटे असते ते गाव आणि तारीख. म्हणून "व्हिडिओ खरा आहे का?" यापेक्षा "कुठला आणि कधीचा?" हे विचारा.

१. आधी बाण पाहा. व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजवर दुहेरी बाण असेल, तर तो किमान पाच वेळा फॉरवर्ड होऊन आला आहे. मात्र बाण नाही म्हणजे पाठवणाऱ्याने स्वतः पाहिले, असे समजू नका. मजकूर कॉपी केला किंवा व्हिडिओ गॅलरीतून पुन्हा पाठवला, की बाण जातो.

२. मजकुरात गावाचे नाव, तारीख, पोलीस ठाणे शोधा. "काल रात्री आपल्या भागात" हे शब्द कधी शिळे होत नाहीत. सहा महिन्यांनी वाचले तरी ते कालच घडलेले वाटते.

३. आता व्हिडिओची मुळे शोधा. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. व्हिडिओ थांबवत थांबवत पाहा. दुकानाची पाटी, वाहनाची नंबर प्लेट, गणवेश असे काही दिसले, की स्क्रीनशॉट घ्या. सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा, असे तीन-चार पुरे. वर चिकटवलेला मजकूर क्रॉप करून काढा, उरलेले चित्र गूगल लेन्सवर (चित्रावरून इंटरनेटवर शोधण्याची सोय) टाका आणि निकालांतली सर्वांत जुनी तारीख बघा. ती मेसेजमधल्या "काल"च्या आधीची निघाली, तर विषय संपला. पाटीवरची अक्षरे उलटी दिसत असतील तर चित्र आरशासारखे फिरवले आहे. गॅलरीत सुलटे करून पुन्हा शोधा. काहीच सापडले नाही, तर एवढेच कळले की सापडले नाही. त्यावरून मेसेज खरा ठरत नाही.

व्हॉइस नोटला लेन्स चालत नाही. पाठवणाऱ्याला फोन करून विचारा, "तुम्ही स्वतः पाहिलं का? नाही, तर कोणी सांगितलं?" बहुतेक वेळा धागा दुसऱ्याच माणसापाशी तुटतो.

४. जवळच्या पोलीस ठाण्यात फोन करून विचारा, असा गुन्हा नोंदला आहे का.

५. ग्रुपवर खुलासा टाका, पण त्याआधी पाठवणाऱ्याशी वेगळे बोला. चारचौघांत चूक दाखवली, की वडीलधारा माणूस हट्टाला पेटतो. "काका, तो व्हिडिओ कराचीचा निघाला, काढून टाकता का?" एवढे पुरते. तो सुमारे अडीच दिवसांच्या आत सर्वांसाठी डिलीट करता येतो. ग्रुप अ‍ॅडमिनलाही तो काढता येतो. तरीही खुलासा हवाच, कारण पाहणाऱ्यांच्या गॅलरीत तो उतरलेला असतो. खुलाशात मूळ व्हिडिओ पुन्हा जोडू नका. घटना कुठली, कधीची आणि पोलिसांनी काय सांगितले, ही तीन वाक्ये लिहा.

६. गर्दी जमलीच, तर सगळ्यात आधी ११२ या आपत्कालीन नंबरवर फोन करा. मग पोलीस पाटील, सरपंच, शिक्षक अशा ज्यांचा शब्द गावात चालतो त्यांना बोलवा. संशयितांना नुसते खोलीत बसवून भागत नाही. राईनपाड्यात त्या पाचजणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले होते, आणि तिथेच त्यांना मारले. पोलीस येईपर्यंत ही ओळखीची माणसे दारातच उभी राहिली पाहिजेत. कोणी त्या लोकांचे चेहरे मोबाइलवर घेऊन पाठवत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. त्या फोटोमुळेच शेजारच्या गावातून आणखी माणसे धावून येतात.