प्रेअरीवरचे ग्रेन एलेव्हेटर टिपायला निघताय? या चुका टाळा

ग्रेन एलेव्हेटर म्हणजे पश्चिम कॅनडाच्या सपाट गवताळ मैदानांवरची, म्हणजे प्रेअरीवरची, रुळांकाठची धान्याची उंच कोठारं. ती टिपायला कॅल्गरी-एडमंटनची आपली मंडळी लाँग वीकेंडला कॅमेरा घेऊन शेजारच्या सस्कॅचेवान प्रांताकडे निघतात आणि दरवर्षी त्याच चुका करतात. मूळ एकच, घाई. एका दिवसात दहा गावं उरकायची असतात.

सगळ्यात महागात पडते ती पावसानंतर मातीच्या रस्त्यावर गाडी घालण्याची चूक. खडीचा रस्ता कुठला आणि नुसत्या मातीचा कुठला, हे जीपीएसला कळत नाही. इथल्या चिकणमातीला गम्बो म्हणतात. विदर्भातली भिजलेली काळी माती आठवा. सस्कॅचेवानमधल्या वॅल मारी गावचा जुना एलेव्हेटर बघायला जाताना आमच्या एका मित्राने थोडा वेळ वाचवायला गाडी अशाच रस्त्याला वळवली. आदल्या रात्री वादळी पाऊस झाला होता. थोडं पुढे गेलो आणि चाकांवरच्या पोकळीत माती इतकी ठासून भरली की चाकं फिरेचनात. फोर व्हील ड्राइव्हचा काडीचा उपयोग झाला नाही. फोनला रेंज नाही. शेवटी एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरने ओढून काढलं आणि दुपारचं ऊन आम्ही स्क्रूड्रायव्हरने चिखल खरवडण्यात घालवलं. शेतकरी चकार शब्द बोलला नाही, पण आमच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांकडे बघत होता. त्या वाळल्या की कडक होतात, आणि त्याच रस्त्याने त्याला कापणीची यंत्रं न्यायची असतात. पाऊस पडून गेला असेल तर मी खडीचा ग्रिड रोड (शेतांमधून चौकटीत आखलेला रस्ता) सोडत नाही, कितीही वळसा पडो.

दुसरी चूक उन्हाची. भर दुपारी पोचायचं, चार फोटो मारायचे आणि पुढे. जूनमध्ये कॅल्गरीच्या बाजूला सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमाराला मावळतो, तोही वायव्येला. संध्याकाळी सातच्या पुढे उत्तरेकडच्या भिंतीवर तिरपं ऊन येतं आणि एरवी न दिसणारी कंपनीची, गावाची पुसट अक्षरं उठून दिसतात. ही भिंत उन्हाळ्यातच साधते, हिवाळ्यात तिच्यावर ऊन येतच नाही. मी एका संध्याकाळी एकच गाव धरतो.

पायथ्याशी उभं राहून वाइड लेन्स वर करू नका, इमारत मागे कललेली दिसते. लांब जा, लांब पल्ल्याची लेन्स लावा.

रुळांवर उभं राहू नका. गंजलेल्या दिसणाऱ्या लाइनवरही मालगाड्या येतात, आणि रेल्वेच्या हद्दीत शिरणं बेकायदा आहे.

आत तर मुळीच शिरू नका. फळ्या आडव्या रचून, खिळे ठोकून बांधलेल्या या इमारतींत धान्याचे खोल कप्पे असतात आणि जमिनीखाली खड्डा. वरची फळी कुजलेली आहे की नाही, ते बाहेरून कळत नाही.

‘पुढच्या वर्षी काढू’ ही चूक मात्र दुरुस्त होत नाही. 1930च्या दशकात पश्चिम कॅनडात साडेपाच हजारांहून जास्त एलेव्हेटर होते. आज लाकडी असे थोडेच उरलेत. सस्कॅचेवानमधल्या फ्लेमिंग गावचा 1895 सालचा एलेव्हेटर, दुरुस्तीचं काम चालू असताना, 2010 मध्ये कुणीतरी पेटवला. मॅनिटोबा प्रांतातल्या इंग्लिस गावाला पाच एलेव्हेटर एका ओळीत जपलेत, तिथे आधी जा.

आणि फुललेल्या कॅनोलात, म्हणजे पिवळ्या फुलांच्या या तेलबियांच्या शेतात, फोटोसाठी घुसू नका. बुटांच्या मातीतून क्लबरूट नावाचा रोग एका शेतातून दुसऱ्यात जातो, आणि एकदा शिरला की वर्षानुवर्षं जमीन सोडत नाही. कडेच्या गवतातूनही चांगली फ्रेम मिळते.