व्यक्तिमत्त्व चाचणीचा जुना आणि नवा निकाल कसा ताडून पाहावा

विशीत दिलेल्या मायर्स-ब्रिग्ज या, स्वभावाचा प्रकार चार इंग्रजी अक्षरांत सांगणाऱ्या चाचणीने एखाद्याला ‘आयएनएफपी’ ठरवले आणि पस्तिशीत त्याच चाचणीने ‘आयएसटीजे’ म्हटले, तर आपण आमूलाग्र बदललो असे मानण्याआधी जुना निकाल शोधून काढावा आणि त्यावर अक्षरांखेरीज आकडेही आहेत का, ते पाहावे. आकडे नसतील तर या दोन निकालांवरून वयाबद्दल जवळजवळ काहीच सांगता येत नाही.

याचे कारण चाचणीच्या रचनेत आहे. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी 1921 मध्ये मांडलेल्या मानसिक प्रकारांच्या कल्पनेवरून कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी ही चाचणी घडवली. त्यात चार अक्ष आहेत (उदाहरणार्थ, अंतर्मुखता ते बहिर्मुखता), प्रत्येक अक्षाच्या मधोमध एक रेषा आहे आणि रेषेच्या कोणत्या बाजूला तुम्ही पडता त्यावरून एक अक्षर मिळते; अशा चार अक्षरांचे सोळा प्रकार होतात. अडचण अशी, की माणसे दोन टोकांना विभागलेली नसून बहुतेक जण मधल्या पट्ट्यात असतात. त्यामुळे शंभरात 52 वरून 48 वर आलेल्या व्यक्तीचे अक्षर बदलते आणि 90 वरून 55 वर घसरलेल्या व्यक्तीचे मात्र तेच राहते, म्हणजे खरा मोठा बदल झाकला जातो आणि क्षुल्लक बदल ठळक दिसतो. शिवाय, प्रत्येक अक्षर टिकण्याची शक्यता 85 टक्के धरली आणि चारही अक्ष एकमेकांपासून स्वतंत्र मानले, तर चारही अक्षरे जशीच्या तशी येण्याची शक्यता सुमारे 52 टक्केच उरते. पाचच आठवड्यांनी पुन्हा चाचणी देणाऱ्या अनेकांचा प्रकार बदललेला दिसतो, तो त्या काळात वय वाढल्यामुळे नव्हे. गंमत अशी, की या चाचणीमागचा सिद्धांत प्रकार जन्मजात आणि कायमचा मानतो. म्हणजे वयानुसार झालेला बदल टिपण्यासाठी ती घडवलेलीच नाही.

म्हणून वयाचा परिणाम पाहायचा असेल तर प्रकार सांगणाऱ्या चाचणीऐवजी गुणविशेष मोजणारी चाचणी निवडावी. पंचघटक प्रतिमानावर आधारलेल्या चाचण्या बहिर्मुखता, सौजन्यशीलता, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि नव्या अनुभवांविषयीचा खुलेपणा या पाच गुणविशेषांसाठी वेगवेगळा आकडा देतात. यांतील 50, 120 आणि 300 विधानांच्या काही आवृत्त्या कोणालाही विनामूल्य वापरता येतात. दोन्ही वेळा नेमकी तीच आवृत्ती आणि तीच भाषा हवी, कारण 50 विधानांच्या आवृत्तीचा आकडा 300 विधानांच्या आवृत्तीशी ताडणे म्हणजे दोन वेगळ्या फुटपट्ट्यांनी उंची मोजण्यासारखे आहे.

आकडा हाती आल्यावर तो कोणत्या जातीचा आहे हे तपासावे, आणि बहुतेक जण नेमके हेच विसरतात. कच्चा गुणांक म्हणजे तुमच्या उत्तरांची थेट बेरीज, तर शततमक म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या गटातील किती टक्के लोक तुमच्या खाली आहेत याचा आकडा. चाचणी तुमची तुलना तुमच्याच वयोगटाशी करत असेल, तर पंधरा वर्षांत कर्तव्यदक्षतेचा कच्चा गुणांक चांगला वाढूनही शततमक जागचा हलणार नाही, कारण तुमच्या बरोबरीचे लोकही तेवढेच वाढलेले असतात. स्वतःतला बदल पाहायचा असेल तर कच्चे गुणांक ताडावेत, समवयस्कांमधले स्थान पाहायचे असेल तर शततमक.

त्यानंतर मोजमापातली चूक बाजूला काढावी. समजा, गुणांकाची सरासरी 50 आणि प्रमाण विचलन (लोकांचे गुणांक सरासरीपासून साधारण किती दूर पसरलेले असतात, ते) 10 असलेल्या पट्टीवर चाचणीची विश्वसनीयता, म्हणजे तिचे निकाल किती भरवशाचे आहेत याचे 0 ते 1 मधले माप, 0.84 आहे. मग 1 मधून 0.84 वजा करून उरलेल्या 0.16 चे वर्गमूळ, म्हणजे 0.4, दहाने गुणले की एका मोजणीची प्रमाण त्रुटी, म्हणजे आकडा चुकीने साधारण किती मागेपुढे होऊ शकतो ते, 4 येते. दोन मोजण्यांमधील फरकाची त्रुटी याच्या सुमारे 1.41 पट, म्हणजे 5.7 असते, आणि 95 टक्के खात्री हवी असेल तर ती 1.96 ने गुणावी. उत्तर 11 च्या आसपास येते. याचा अर्थ, 47 वरून 54 वर गेलेला गुणांक खऱ्या बदलामुळे गेला की त्या दिवशीच्या मनःस्थितीमुळे, हे एकट्या त्या फरकावरून ठरवता येत नाही. 47 वरून 60 वर गेला असेल तर मात्र त्याची दखल घ्यावी.

आता वयामुळे कोणत्या दिशेचा बदल अपेक्षित धरावा? मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1890 मध्ये असे लिहिले होते, की तिशीपर्यंत बहुतेकांचा स्वभाव प्लास्टरसारखा घट्ट बसतो, आणि हे मत पुढे फार काळ प्रमाण मानले गेले. ब्रेंट रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच व्यक्तींचा वर्षानुवर्षे मागोवा घेणारे 92 अभ्यास एकत्र करून 2006 मध्ये जे विश्लेषण प्रसिद्ध केले, त्यात कर्तव्यदक्षता आणि भावनिक स्थैर्य प्रामुख्याने 20 ते 40 या वयात वाढताना दिसले, सौजन्यशीलतेतील वाढ उतारवयात ठळक झाली, तर खुलेपणा तारुण्याच्या सुरुवातीला वाढून म्हातारपणी कमी झाला. किशोरवयाची गोष्ट निराळी आहे. त्या काळात कर्तव्यदक्षता आणि सौजन्यशीलता तात्पुरती खाली येते, त्यामुळे चौदाव्या-पंधराव्या वर्षीच्या निकालाला पाया मानून पुढची सगळी ‘प्रगती’ मोजणे फसवे ठरते.

हे सरासरीचे बदल आहेत आणि त्यांच्याबरोबर दुसरी एक गोष्ट खरी राहते. सगळेच थोडे वर सरकले तरी गटातला क्रम बराचसा टिकतो, आणि वय वाढत जाते तसा तो अधिकाधिक टिकतो. मात्र अंतर फार मोठे झाले की तोही विरळ होतो. स्कॉटलंडमध्ये 1950 मध्ये शिक्षकांनी चौदा वर्षांच्या मुलांच्या सहा गुणविशेषांचे मूल्यमापन केले होते. त्यांतील 174 जणांची वयाच्या सुमारे 77 व्या वर्षी पुन्हा पाहणी केली तेव्हा दोन्हींत फारसा संबंध आढळला नाही. पहिले मूल्यमापन शिक्षकांचे आणि दुसरे स्वतःचे व जवळच्या व्यक्तीचे होते, हा फरक लक्षात ठेवूनच माझ्या मते या निष्कर्षाला वजन द्यावे.

उत्तरे देतानाही काही पथ्ये पाळावी लागतात. ‘मी नीटनेटका असतो’ या विधानाला उत्तर देताना आपण नकळत कोणाशी तरी तुलना करतो. विशीत ती वर्गमित्रांशी असते, चाळिशीत सहकाऱ्यांशी, आणि सहकारी फार काटेकोर असतील तर वागणे सुधारूनही गुणांक खाली येतो. त्यामुळे ‘माझ्याच वयाच्या सर्वसाधारण माणसाच्या तुलनेत, गेल्या एका वर्षात’ अशी चौकट आधी ठरवून दोन्ही वेळा तीच वापरावी. नोकरी बदलणे, आजारपण, मूल होणे किंवा शोक यांच्या ऐन काळात चाचणी देऊ नये. निकालाचे वर्णन तंतोतंत जुळल्यासारखे वाटले तरी त्याला पुरावा समजू नये. मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी 1948 मध्ये आपल्या 39 विद्यार्थ्यांना एकच ठरावीक वर्णन प्रत्येकाचे स्वतःचे म्हणून दिले, तेव्हा त्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले होते.

जुना निकाल नसेल तर ‘वीस वर्षांपूर्वीचा मी’ कल्पून आज चाचणी भरण्याचा मोह होतो, पण त्यातून आजच्या आठवणीच मोजल्या जातात. आजच्या निकालावरून पुढचा अंदाज बांधणेही तितकेच कच्चे आहे: 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 19,000 हून अधिक लोकांवरील अभ्यासात जवळजवळ प्रत्येक वयाच्या माणसांनी गेल्या दहा वर्षांत आपण बरेच बदललो असे सांगितले आणि पुढच्या दहा वर्षांत फारसे बदलणार नाही असेही सांगितले. त्यापेक्षा आजपासून नोंद ठेवायला सुरुवात करावी. एका कागदावर तारीख, वय, चाचणीची आवृत्ती, पाचही कच्चे गुणांक आणि त्या वर्षीची परिस्थिती एका ओळीत लिहावी, तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या एका व्यक्तीकडून तुमच्याविषयीची तीच चाचणी भरून घेऊन ते आकडे शेजारी टिपावेत, आणि पुढची मोजणी चार-पाच वर्षांनी, शक्यतो त्याच व्यक्तीला सोबत घेऊन करावी.