शेजारी कुत्र्याची शी उचलत नसतील तर त्यांच्याशी कसं बोलावं

“राहू दे हो, खतच होतं त्याचं,” असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. शेण वेगळं, कुत्र्याची शी वेगळी. गुरं चारा खातात. कुत्र्याच्या खाण्यात मांस आणि प्रथिनं भरपूर असतात. त्याच्या शीने हिरवळ जळते आणि तिच्यात गोल जंतांची अंडी असू शकतात. ही अंडी बाहेर पडल्या पडल्या कुणाला बाधत नाहीत, त्यांना तयार व्हायला साधारण 2 ते 4 आठवडे लागतात. त्यानंतर मात्र ती मातीत वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून त्याच दिवशी उचललं तर जंतांचा धोका बहुतांशी तिथेच संपतो. तशीच पडून राहू दिली तर शी दिसेनाशी होते, अंडी मातीतच राहतात, आणि मातीत खेळणारं मूल तोच हात तोंडात घालतं. एवढं एक कारण नीट समजून घ्या, पुढे बोलताना तेच लागणार आहे.

मी स्वतः कुत्रा पाळतो, दिवसातून दोनदा फिरवतो. शेजाऱ्यांशी हे बोलणं आजवर आठ-नऊ वेळा केलंय. त्यातलं दोनदा बिनसलं आणि दोन्ही वेळा चूक माझी होती.

आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा

पहिली चूक इथेच झाली. कुंपणाच्या कडेला रोज सकाळी शी पडलेली असायची. आकारावरून कुत्रा मोठा असणार असं मी ठरवलं आणि मोठा कुत्रा पाळणाऱ्या एका काकांना लिफ्टमध्येच बोललो. ते काहीच बोलले नाहीत. खिशातून पिशव्यांची गुंडाळी काढली, अर्धी संपलेली, आणि माझ्यासमोर धरली. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन मी त्यांची माफी मागितली. खरा कुत्रा दुसराच निघाला, रात्री साडेदहाला फिरायला येणारा.

शोधणं अवघड नाही. बहुतेक कुत्रे खाल्ल्यानंतर थोड्याच वेळात शी करतात आणि वासामुळे पुन्हा त्याच जागी येतात. त्यामुळे वेळ आणि जागा दोन्ही सहसा ठरलेल्या असतात. तीन-चार दिवस लक्ष ठेवा, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. फोटो काढायची घाई नको. आपल्यावर कॅमेरा रोखलेला कळला की माणूस पुढचं काही ऐकून घेत नाही.

पहिलं बोलणं

सगळं अवलंबून आहे ते यावर. इथे बिघडलं तर पुढे वर्षभर कुणाच्या हातून पिशवी निघत नाही.

इमारतीच्या ग्रुपवर लिहू नका. “काही जण कुत्र्याची घाण उचलत नाहीत” असा मेसेज टाकला की जे उचलतात ते दुखावतात, आणि जे उचलत नाहीत त्यांना वाटतं, हे दुसऱ्या कुणाबद्दल आहे. दारावर निनावी चिठ्ठी तर मुळीच नको. वरच्या मजल्यावरून ओरडूनही सांगू नका. मी ते केलंय. खाली चार माणसं उभी होती, त्यांच्यासमोर त्या गृहस्थांची मान खाली गेली. त्यानंतर ते सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत आणि शी तिथेच पडत राहिली.

एकट्याने गाठा. ते फिरायला निघाले की सोबत चालत चालत बोललात तर उत्तम, समोरासमोर उभं राहण्यापेक्षा ते सोपं जातं. सुरुवातीला कुत्र्याचं खोटं कौतुक करू नका, लोकांना ते लगेच कळतं. सरळ एक घटना, एक जागा आणि एक विनंती: “काकू, काल रात्री ब्रुनोने कुंपणापाशी शी केली, ती उचलायची राहिली. सकाळी तिथे मुलं खेळतात. उचलाल का?”

आणि मग गप्प बसा.

मला सगळ्यात कठीण गेलं ते हेच. समोरचा दोन क्षण काही बोलला नाही की मी घाबरून भर घालायचो: “म्हणजे तुम्ही नेहमीच असं करता...” हा ‘नेहमी’ शब्द घात करतो. तो ऐकला की माणूस ज्या दिवशी उचललं ते दिवस मोजू लागतो, आणि मूळ मुद्दा बाजूलाच राहतो. काल रात्रीचं बोलायचं, तेवढंच. मागचा हिशेब काढायचा नाही.

शांत राहिलात की समोरून कारण येतं, आणि ते ऐकण्यासारखं असतं. एका काकूंना गुडघ्यांमुळे वाकता येत नव्हतं; शी उचलायचं लांब दांड्याचं साधन आणून दिल्यावर तक्रारच संपली. रात्री अंधारात दिसत नसेल तर छोटी टॉर्च पुरते. पिशवी संपली असेल तर तुमच्याकडची एक द्या. कुत्र्याला दुसराच कुणी फिरवत असेल तर मालकाला खरंच माहीत नसतं. अशा वेळी फिरवणाऱ्यावर डाफरू नका, मालकाला वेगळं सांगा. “पाऊस आला की धुऊन जाईल” असं उत्तर आलं तर सांगा की पाऊस ती घाण गटारात आणि पुढे नदीत नेतो, अंडी मातीतच राहतात.

आवाज चढला तर वाद घालू नका. “मला सांगायचं होतं ते सांगितलं,” म्हणा आणि निघा. आठवड्याने पुन्हा एकदा बोला. मधल्या काळात त्यांनी एकदा जरी उचललेलं दिसलं तरी त्याच दिवशी मनापासून आभार माना.

हे कधीच करू नका

शी उचलून त्यांच्या दाराशी टाकणं, तिखट शिंपडणं, फिनेल ओतणं, डांबराच्या गोळ्या पसरणं. असले सल्ले सर्रास दिले जातात आणि मला त्यांचा संताप येतो. तिखटाने कुत्र्याचं नाक आणि पंजे भाजतात. डांबराच्या गोळ्या कुत्र्यामांजरांना आणि लहान मुलांनाही विषारी असतात. चूक माणसाची आहे, मुक्या जिवाला त्याची शिक्षा द्यायची नाही.

तरीही ऐकलं नाही तर

दोनदा बोलून झालं की इमारतीच्या समितीकडे लेखी तक्रार द्या, तारखांसह. आता फोटोही जोडा. तिथेही काही झालं नाही तर स्थानिक प्रशासन. फिरायच्या वाटेवर झाकणाचा कचराडबा ठेवायची मागणी याच पत्रात करा.

जुनी जागा साफ करताना

पिशवी हातात उलटी घालून उचला, सुलटी करून गाठ मारा. हात साबणाने धुवा. फरशी असेल तर एन्झाइमचं (घाण आणि तिचा वास मोडून काढणारं) क्लीनर वापरा. अमोनिया असलेलं क्लीनर नको: त्याचा वास लघवीच्या वासाशी जुळतो आणि कुत्रा पुन्हा त्याच जागी येऊन बसतो.