आजीची एसटी चुकते, ती सहा चौकटींत कशी काढायची

मे महिन्याच्या कॉमिक्स शिबिरात मी मुलांना पहिल्या दिवशी एवढंच सांगते: आजी पिशवीत चष्मा शोधतेय आणि तिची एसटी चुकते. एक कागद, सहा चौकटी. बहुतेक जण सुटलेली गाडी काढतात, मागे धावणारी आजी काढतात आणि वर फुग्यात लिहितात, ‘अरेरे, माझी एसटी चुकली!’ जे चित्रात, तेच फुग्यात.

तो फुगा खोडा. सुटणारी गाडीही काढू नका. एका चौकटीत पिशवीत डोकं घालून बसलेली आजी, मागे उभी गाडी. पुढच्या चौकटीत तीच आजी, तोच बाक, मागे नुसती धूळ. गाडी गेली ती दोन चौकटींमधल्या फटीत. कोकणातल्या पिंगुळीचे चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगणारे कलावंत, पोथीतल्या एका चित्रावरून दुसऱ्यावर जाताना मधली जागा गाऊन भरतात. इथे गाणारा नाही, ते काम वाचकाकडे. मात्र दोन्ही चौकटी एकाच कोनातून काढा. कोन बदललात तर वाचक जागा ओळखत बसतो आणि गाडी नाही हे त्याच्या लक्षातच येत नाही. गाडी निघाल्याचा ‘घर्रर्र’ पहिल्या चौकटीच्या कडेला अर्धा कापून टाका, तेवढा पुरतो.

आता वेळ. पुढची गाडी दोन तासांनी आहे, हे लिहायचं नाही. पानभर रुंद चौकट घ्या, आजी कोपऱ्यात लहानशी, खांबाची सावली लांबलेली. धावपळीला उलट अरुंद, उभ्या चौकटी. एखादी तिरकी चालेल. सगळ्याच तिरक्या केल्या की भूकंप वाटतो.

फुग्यांबाबत माझा हट्ट आहे: अक्षरं आधी, फुगा नंतर. देवनागरीत वर वेलांटी, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत जास्त अंतर लागतं. फुगा आधी काढला की शेवटचा शब्द हमखास चेंगरतो. जो आधी बोलतो त्याचा फुगा डावीकडे वर. मांगा वाचणारी मुलं इथे चुकतात, कारण जपानी पान उजवीकडून वाचतात.

गोष्ट अनेक पानांची असेल तर धक्का पान उलटल्यावर द्या, म्हणजे डाव्या पानाच्या सुरुवातीला. बेल्जियन चित्रकार हर्जेचा टिनटिन 1929 पासून एका वृत्तपत्राच्या साप्ताहिक पुरवणीत क्रमशः येत होता. वाचकाला आठवडाभर अडकवून ठेवायचं, तर हप्त्याची शेवटची चौकट फुकट घालवून चालत नाही.

झालं की फुगे बोटांनी झाका आणि घरातल्या कुणाला तरी पान दाखवा. कुठे अडखळतात ते बघा, ती चौकट पुन्हा काढा.

गेल्या वर्षी एका मुलीच्या पानावर मीच अडखळले. गाडीची पाटी तिने नुसती पुसट फरकाटली होती. म्हटलं, अगं, गाव वाचता येत नाहीये.

“बाई, आजीलाही येत नाहीये.”