मोजकेच चार्जर असलेल्या शहरात इलेक्ट्रिक गाडी चार्ज करताना या चुका टाळा

मोठ्या शहरात एक चार्जर बंद निघाला तर थोड्या अंतरावर दुसरा मिळतो. लहान शहरात फास्ट चार्जर असतात एक-दोन, बाकी कुठल्यातरी पार्किंगमधले हळू चार्ज करणारे एसी पॉइंट. म्हणून सगळ्यात महागात पडणारी चूक आधी सांगते: नकाशावर चार्जर दिसला म्हणजे तो चालूच असणार, असं धरून ५ टक्के बॅटरीवर तिथे पोहोचणं. पहिला बंद असला तरी दुसऱ्यापर्यंत जाता येईल एवढं चार्जिंग शिल्लक ठेवूनच निघा. आधी अ‍ॅपमध्ये तिथे शेवटचं चार्जिंग कधी झालं ते बघा. अ‍ॅपची नोंदणी आणि पैसे भरणं घरीच उरका. तळघरातल्या पार्किंगमध्ये रेंज नसली की ओटीपीची वाट बघत बसावं लागतं.

दुसरी चूक आकड्यांची. पाटीवर '२२ किलोवॅट' दिसलं की लोक खूश होतात. पण एसी चार्जिंगमध्ये विजेचं रूपांतर गाडीतला ऑनबोर्ड चार्जर करतो आणि वेगाची मर्यादा तोच ठरवतो. गाडीतला चार्जर ७.४ किलोवॅटचा असेल तर २२ च्या पॉइंटवरही गाडी ७.४ च घेणार. ४० किलोवॅट-तासांची बॅटरी १० वरून ८० टक्क्यांवर न्यायला २८ युनिट (म्हणजे किलोवॅट-तास) लागतात. म्हणजे ७.४ ला साधारण चार तास आणि ३.३ ला साधारण साडेआठ तास. हा हिशोब आधी केला असता तर 'अर्ध्या तासात येतो' म्हणून गाडी लावून गेलेली कितीतरी माणसं वैतागली नसती. डीसीचं, म्हणजे फास्ट चार्जरचंही तसंच. ६० किलोवॅटच्या मशीनला दोन गन (गाडीत लावायचे प्लग) असल्या आणि शेजारी दुसरी गाडी लागली, की अनेक मशीन वीज वाटून देतात. वेग निम्म्यावर आला म्हणजे बिघाडच झाला असं नाही.

८० टक्क्यांनंतर फास्ट चार्जर अडवून बसू नका. बॅटरी भरत आली की गाडी स्वतःच वेग उतरवते, त्यामुळे शेवटच्या २० टक्क्यांना बराच वेळ जातो. शहरातल्या एकुलत्या एका मशीनपुढे रांग असताना हा वेळ दुसऱ्याचा असतो. पुढे लांबचा पल्ला असेल तर गोष्ट वेगळी.

आता चार्जिंग सुरूच होत नसेल तर. डीसीची केबल जड असते, तिच्या वजनाने गन खाली झुकते आणि पिना नीट बसत नाहीत. चार्जिंगचं सेशन थांबवा, गन काढा, पुन्हा पूर्ण आत सरकवा आणि मशीन गाडीशी बोलून घेईपर्यंत गन हाताने जरा वर उचलून धरा. माझ्या अनुभवात निम्मे 'बंद' चार्जर एवढ्यानेच चालू होतात. एसीवर अडलं तर गाडीत ठरावीक वेळेला चार्जिंग सुरू करायचं सेटिंग चालू राहिलंय का ते बघा. मशीनचं लाल आपत्कालीन बटण कुणी दाबून ठेवलेलं असू शकतं. बहुतेक ठिकाणी ते फिरवलं की वर येतं, पण आधी जळका वास किंवा फाटलेली केबल नाही ना याची खात्री करा. तसं काही दिसलं तर हात न लावता हेल्पलाइनला कळवा.

गन अडकली तर ओढाताण नको. अ‍ॅपमधून सेशन बंद करा, गाडी किल्लीने अनलॉक करा, गन किंचित आत दाबून मग काढा. तरीही निघाली नाही तर बऱ्याच गाड्यांत डिकीत किंवा बॉनेटखाली हाताने सोडवायची दोरी असते. ती नेमकी कुठे आहे, हे मॅन्युअलमध्ये आजच बघून ठेवा.

बऱ्याच एसी पॉइंटवर केबल नसते, नुसतं सॉकेट असतं. तेव्हा एसी चार्जिंगची आपली टाइप २ केबल डिकीत हवीच. ती नाही म्हणून साध्या एक्स्टेंशन बोर्डावर पोर्टेबल चार्जर लावू नका. तासन्‌तास चालणाऱ्या एवढ्या भाराने बोर्ड तापतो, वितळतो आणि आग लागू शकते.