नोकरी सोडताना कंपनीकडून हिशेब कसा मागावा

इंदूरहून रोज पीथमपूरच्या कारखान्यांत जाणाऱ्या आपल्या मराठी घरांतील अनेक मुलांची नेमणूक वर्षा-दोन वर्षांच्या मुदतीची असते. मुदत संपली की ‘फुल अँड फायनल’, म्हणजे शेवटचा हिशेब, महिनोन्‌महिने अडकतो आणि मागायला संकोच वाटतो. हा संकोच सोडावा, कारण 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिल्यावर किंवा कामावरून काढल्यावर देय वेतन दोन कामाच्या दिवसांत मिळाले पाहिजे. म्हणून राजीनामा लेखी द्यावा आणि पोच तारखेसह घ्यावी.

नंतर पगारपत्रक तपासावे. वेतनाच्या नव्या व्याख्येप्रमाणे घरभाडे, प्रवास यांसारखे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील, तर वरची रक्कम वेतनातच मोजली जाते. समजा एकूण 24,000 रुपयांत मूळ वेतन 9,000 आणि असे भत्ते 15,000 आहेत. 12,000 च्या वरचे 3,000 मूळ वेतनात मिळवून हिशेबाचे वेतन 12,000 धरावे लागेल.

याचा खरा लाभ ग्रॅच्युइटीत, म्हणजे केलेल्या सेवेबद्दल नोकरी सुटताना मिळणाऱ्या रकमेत दिसतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत मुदतीच्या कर्मचाऱ्याला आता पाच वर्षे थांबावे लागत नाही, एक वर्षाच्या सेवेवर ती मिळते. 12,000 ला 26 ने भागून 15 ने गुणल्यास वर्षाला सुमारे 6,923 रुपये होतात. ही रक्कम देण्यास मालकाला तीस दिवसांची मुदत आहे, त्यामुळे ती दोन दिवसांच्या हिशेबात शोधू नये. मात्र एका वर्षाची ही सवलत मालकाशी थेट लेखी करार असलेल्यांना आहे. ठेकेदाराच्या नावावर काम करणाऱ्याने स्वतःला मुदतीचा कर्मचारी समजू नये. नेमणूकपत्रावर मालक म्हणून कोणाचे नाव आहे, हे सही करण्यापूर्वीच वाचावे, मग ते हिंदीत असो की इंग्रजीत.

वेतन न मिळाल्यास प्रथम लेखी मागणी करावी, नंतर श्रम विभागाच्या सक्षम अधिकाऱ्याकडे तीन वर्षांच्या आत दावा दाखल करावा. अर्जात कारखान्याचा पत्ता नीट लिहावा. पीथमपूर धार जिल्ह्यात येते, इंदूर जिल्ह्यात नव्हे. पैसे दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे, तरीही पगारपत्रके, बँकेचे विवरण आणि हजेरीची नोंद अर्जासोबत जोडावी, आणि रक्कम हाती येईपर्यंत ‘काहीही येणे नाही’ अशा कागदावर सही करू नये.